सायकलला आज सुट्टी

बाबा,

मी कालव्याच्या वाटेने पळायला गेले आहे, आणि आज मुद्दाम एकटीच. उद्याच्या शर्यतीत कोणाला सायकलवरून सोबत येता येत नाही. मागून "सूनबाई, पाय उचल, बदकं पुढे गेली!" असं कोणी ओरडलं नाही, तरी मला पळता येतं का, हे आजच तपासायला हवं. म्हणून तुमच्या मागच्या चाकातली हवा मीच सोडली. शेजाऱ्यांवर संशय नको. झाडीतली जवळची वाट धरून पायी गाठायलाही येऊ नका, गुडघा धरेल. चहा थर्मासमध्ये आहे.

उद्या मात्र शर्यत संपते तिथे उभे राहा. तिथे हवं तेवढं ओरडता येतं; मी आयोजकांना विचारून घेतलं आहे.

तुमची सून