अजून ठरायचंय

वैशाली नगर, जयपूर

बाबा,

कोट्याच्या बँकेत बसून काल तुम्ही फॅमिली ग्रुपवर टाकलंत, "भार्गवी बी.एस्सी. करणार." पुढचा 'नर्सिंग' शब्द कुठे गेला? गोविंदकाकांनी विचारलं, फिजिक्स की केमिस्ट्री? तुम्ही लिहिलंत, "अजून ठरायचंय."

ठरायचंय? मतलब, महिनाभर आपण भांडलो ते कशावरून? मला तीन वर्षांचा जीएनएम नर्सिंग डिप्लोमा करून लवकर वॉर्डात उभं राहायचं होतं. तुम्ही म्हणालात, चार वर्षांची डिग्री घे, पुढे कॉलेजात शिकवशील. मला वाटलं, बाबांना माझी काळजी आहे, म्हणून मी हो म्हटलं. तुम्हाला तर फक्त लोकांना अर्धंच सांगता येईल असा कोर्स हवा होता!

मागच्या वर्षी तुमच्या बायपासनंतर कमला सिस्टरनी तुमचं अंग पुसलं, बेडपॅनसुद्धा त्यांनीच काढलं. त्यांना तुम्ही येता-जाता "बेटी" म्हणायचात. दुसऱ्याची बेटी नर्स असलेली चालते, स्वतःची सांगताना जीभ अडखळते?

उद्या मी जीएनएमचाच फॉर्म भरणार आहे. त्यात 'नर्सिंग' लपवायला जागाच नाही. डिग्री घ्यायची तेव्हा मी माझ्यासाठी घेईन.

हे पत्र तुम्हाला पाठवत नाही. त्याची गरज उरली नाही. गोविंदकाकांना मीच ग्रुपवर उत्तर दिलंय, "विषय ठरलाय, नर्सिंग." खाली तुमचा फोटो टाकलाय, कमला सिस्टरचा खांदा धरून पहिलं पाऊल टाकतानाचा.

तुमचीच बेटी,
भार्गवी