राहीच्या वाटणीचं धोंडस

॥ श्री ॥
पोफळी, ता. २८ एप्रिल १९८४

ती. सासूबाईंच्या चरणी कमळाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे ठीक. ह्यांची पॉवरहाऊसमध्ये पाळी बदलली, त्यामुळे घरात एक जण झोपलेला आणि एक जण कुजबुजत असतो.

सगुणाचं सांगायचं राहिलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तिला गहू सोसत नाही. गव्हातलं काही चिकट सत्त्व असतं, ते तिचं आतडं आतून खरवडतं. पोळी, पाव, बिस्किट, रवा, शेवया जन्मभर बंद. पाच वर्षांची पोर, पण उचलली तर तीन वर्षांच्या पोरीएवढी लागते. पोट तेवढं घागरीसारखं. पावसाळ्यात वजन चढलं नाही तर काय, ते डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं. हे मला सांगत नाहीत, म्हणजे मला कळलंच.

येत्या तेरा तारखेला तिचा वाढदिवस. मागे शेजारच्या पिंगळेबाईंच्या मुलाला केक कापला, तेव्हा सगू ताटलीकडे बघत उभी राहिली. रडली नाही, तेच मला जास्त लागलं. पिंगळेबाईंचा विजेचा गोल ओव्हन आहे, तो त्या देतील. गव्हाशिवाय, फळाचं, अंगी लागेल असं भाजून करण्याजोगं काही तुम्हाला येतं का? कराडची सून गव्हाशिवाय स्वयंपाक विचारते म्हणून हसाल. हसा, पण कळवा.

तुमच्या पायांना तेल चोळत चला. नातीला आशीर्वाद असू द्यावा.

तुमची
कमळा


॥ श्री ॥
पावस, ता. ३ मे

चि. सौ. कमळेस गंगूचे अनेक आशीर्वाद.

हसले. मग पत्र परत वाचलं नि भिकाजी गड्याला फणसावर चढवला. लग्न होऊन आलीस तेव्हा भाताचं ताट बघून तू आत्मारामाला विचारलं होतंस की जेवण कधी आहे. मी आतून ऐकलं होतं. आता कळलं ना जेवण कशाला म्हणतात?

ओव्हन कसला असतो मला ठाऊक नाही. खाली विस्तव नि वर विस्तव असेल तर आमच्या चुलीहून वेगळा नाही. त्यात धोंडस कर. भिकाजीच्या हाती एसटीनं बरका फणस पाठवते आहे. झाडावर चढतो तेवढाच तो कामाचा, बसला की घोरतो, म्हणून फणस त्याच्या पायाला सुतळीनं बांधायला लावलाय.

हाताला खोबरेल लाव, नाही तर चीक चार दिवस जाणार नाही. गरे चाळणीवर घासून रस काढ. तांदळाच्या कण्या तुपावर तांबूस भाज, कच्च्या ठेवशील तर दाताखाली खडे. रस, कण्या, ओलं खोबरं, वेलची, मिठाचा कण. फणस गोड आहे, गूळ थोडाच घाल. आजारी पोट आहे, लग्नाची पंगत नाही. कण्या शिजून घट्ट झालं की जाड भांड्यात थाप. मी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवते, तू तुझं बटण फिरव. कडा सुटून वास घरभर झाला की झालं. गरम कापू नकोस.

आणि एक. आपल्या घरात फणसाचं धोंडस झालं की पहिला तुकडा घरामागे परड्यातल्या फणसाखाली, जांभ्याच्या धोंड्यावर ठेवतात. तुझ्याकडे झाड नाही, तू उंबऱ्याबाहेर ठेव. कोणासाठी ते विचारू नकोस. मी विचारलं तेव्हा माझ्या सासूनं राखणदाराचं म्हणून सांगून मला वाटेला लावलं होतं.

पाय दुखतात ते तेलानं थांबणारे नाहीत. पोरीच्या तोंडावरून माझ्या वतीनं हात फिरव.

गंगू


॥ श्री ॥
पोफळी, ता. १४ मे

ती. सासूबाईंस शि. सा. न. वि. वि.

भिकाजी पोचले. फणस त्यांच्या पायाला आणि ते सीटला, असे कंडक्टरनी उतरवून दिले.

धोंडस छान झालं. वास सगळ्या कॉलनीत गेला. पहिला तुकडा तुमच्या सांगण्याप्रमाणे उंबऱ्याबाहेर ठेवला. मग सगूला ताटली दिली, तर तिनं हातच लावला नाही. समजावलं, रागावले, ह्यांनी फटका द्यायला हात उचलला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली की राही म्हणते ह्याच्या खाली गहू लागलाय.

सासूबाई, माझ्या हातातून उलथनं पडलं. भांड्याला चिकटू नये म्हणून मी बुडाला तूप लावून चिमूटभर कणीक भुरभुरली होती. केकला असंच करतात असं पिंगळेबाईंनी एकदा शिकवलं होतं, हात सवयीनं गेला. भुरभुरताना स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. सगू तर खालच्या अंगणात होती.

मी सगळं टाकून दिलं. मग उंबऱ्याबाहेरचा तुकडा आठवला म्हणून बघायला गेले. वरचं सगळं खाल्लेलं होतं. बुडाची पातळ चकती तेवढी सुरीनं सोलल्यासारखी वेगळी काढून, उलटी ठेवलेली. तिच्याकडे मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

राही कोण? कॉलनीत ह्या नावाची मुलगी नाही, बालवाडीत नाही. ह्यांना विचारलं, तर आपल्या घराण्यात ह्या नावाचं कोणीच नव्हतं म्हणाले. सगू म्हणते, ‘तिचं पोट माझ्यासारखंच आहे.’

लवकर लिहा. मला तुमच्या रागावण्याचीसुद्धा वाट आहे.

कमळा


॥ श्री ॥
पावस, ता. १८ मे

चि. सौ. कमळेस आशीर्वाद.

आधी कणकेचं. चिकटू नये म्हणून केळीचं पान घालतात, एवढी अक्कल कराडला मिळत नसेल तर पोफळीला मागून घ्यायची. झालं, रागावले.

आता राही. राही माझी नणंद, तुझ्या मामंजींच्या पाठची. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाच्या पुष्कळ आधी ती गेली. घरात तिचं नाव कोणी काढत नसे, म्हणून आत्मारामाला ठाऊक नाही. तुला मी कधी बोलले नाही. मग सगूला कोण सांगणार?

सासूनं शेवटच्या दुखण्यात मला सांगितलं ते असं. पोरीचे हातपाय काटक्या आणि पोट घागरीएवढं. तू लिहिलंस तोच घागरीचा शब्द. सासरे बोटीवर होते, येताना विलायती बिस्किटांचे डबे आणायचे. पोर खंगली की बिस्किटं वाढवायचे, बिस्किटं वाढली की पोर आणखी खंगायची. सगळ्यांना वाटलं कोणाची तरी नजर आहे. ती नजर डब्यातच होती हे कोणाला कळणार? तिच्या पोटात ठरायचं ते फक्त फणसाचं धोंडस. गेली ती फाल्गुनात. झाडावर फणस बोटाएवढे होते, तेवढ्याशा फणसांकडे बघून रोज विचारायची म्हणे की कधी होणार. लहान म्हणून जाळली नाही, परड्यात त्याच झाडाखाली ठेवली. तो धोंडा तिचा. म्हणून पहिला तुकडा.

मी भुताखेताला भीत नाही. गावच्या गुरवाला मी भर देवळात खोटं पाडलंय. पण तुझं पत्र आलं त्या दिवशी मी धोंडस घातलं होतं. झाकणावर निखारे लाल होते. ते काढून झाकण उघडलं, तर मधोमध पोराच्या मुठीएवढा खड्डा. मांजर म्हणावं तर निखारा एक हललेला नव्हता.

तिनं सगूला वाचवलं एवढं ध्यानात ठेव. दुसरं धोंडस कर, कणकेचा डबा घराबाहेर काढून. आणि राहीचा तुकडा विसरू नकोस. आत्मारामाला हे वाचून दाखव, त्याच्या बापानं सांगायला हवं होतं.

गंगू


॥ श्री ॥
पोफळी, ता. २९ मे

ती. सासूबाईंस शि. सा. न. वि. वि.

घरात गव्हाचा कण नाही. ह्यांनीही पोळी सोडली, कुरकुरत का होईना. सगू धोंडस मागून खाते. दवाखान्यातला काटा पहिल्यांदा पुढे सरकला, डॉक्टरसुद्धा दोनदा वाकून बघत होते. मी आनंदानं लिहायला हवं, पण पुढचं ऐका.

ती दोन ताटल्या मांडते. दुसरी मी उचलते तेव्हा रिकामी असते. तेही मी सोसलं. पण परवा दुपारी माझा डोळा लागला आणि उठले तर पोर घरात नाही. एसटीच्या थांब्यावर सापडली. वाढदिवसाचा फ्रॉक घातलेला, चपला उलट्या पायांत. पावसला जायचंय म्हणत होती. राहीनं खेळायला बोलावलंय. झाडाखाली गार असतं आणि तिथं भूक लागतच नाही, असं राही म्हणते म्हणे.

तेव्हापासून कडी लावून मी दाराशी बसते. पिंगळेबाई म्हणतात कोणाला तरी दाखवा, उतारा टाका. हे म्हणतात बदली मागतो. पण सासूबाई, जिनं माझ्या पोरीला गहू खाऊ दिला नाही, तिच्यावर उतारा कसा टाकू? आणि नाही टाकला तर ती नेईल का हो हिला?

तुम्हीच काय ते करा. दुसऱ्या कोणाला विचारायचं मला सुचत नाही.

कमळा


॥ श्री ॥
पावस, ता. २ जून

चि. सौ. कमळेस आशीर्वाद.

कोणाला दाखवायचं नाही. आपल्या घरातली पोर आहे, बाहेरचा माणूस तिला हाकलायला मी आणणार नाही. उतारा टाकायला ती काय वाटेवरची आहे?

माझ्या एक लक्षात आलं. इतकी वर्षं आम्ही तिला तुकडा दिला. भुकेली मेलेल्या पोरीला तुकडा! दर वर्षी वास घरभर आणि हिच्या हातावर एक वडी. तिच्या जागी मी असते तर मीही कोणाला तरी हाक मारली असती.

आज शनिवार. झाडावरचा शेवटचा चांगला फणस भिकाजीकडून उतरवला नि सगळ्याचं एकच धोंडस घातलं. आम्ही चाखलंसुद्धा नाही, भिकाजी पातेल्याकडे बघून उसासे टाकत होता, त्याला आंबे देऊन घालवला. ऊन डोक्यावर असताना पातेलं घेऊन परड्यात गेले नि धोंड्याशेजारी बसले. फांदीवर कावळे येऊन बसले, पण एक खाली उतरेना. वारा समुद्राकडून येत होता, आगरातल्या माडांची झापं हलत होती. त्या एका फणसाचं पान हलत नव्हतं.

मी तिला चांगली झापली. म्हटलं की माझ्याहून वयानं मोठी आहेस, माझ्या पोराच्या पोरीला खेळायला ओढतेस, लाज नाही वाटत? आईबापांनी तुझ्यामागे कसे दिवस काढले ते तुला ठाऊक नसेल, मला आहे. मग आणखी थोडं बोलले. ते तिचं नि माझं.

पातेलं तिथंच ठेवून आले. उद्या आणीन. पाय दुखत होते म्हणून ठेवलं, दुसरं काही मनात आणू नकोस.

सगू कशी आहे ते पहिल्या टपालानं कळव.

गंगू


॥ श्री ॥
पोफळी, ता. ९ जून

ती. सासूबाईंस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. पण गेल्या शनिवारचं आधी सांगते. त्या दुपारी सगूनं जेवण ढकललं. पोट भरलंय म्हणाली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. जवळ घेतली तर तिच्या केसांना सोडणांच्या धुराचा वास येत होता. इथं आमच्याकडे चूल नाही.

ती म्हणाली की राही आज पोटभर जेवली. धोंडस एका बाजूनं करपलं होतं, तरी सगळं संपवलं. तुमच्या पत्रात करपल्याचं काही नाही. करपलं होतं का हो?

मग म्हणाली की राही आता इथं येणार नाही, ती आजीची वाट बघत बसणार आहे. एवढं सांगून उड्या मारत पिंगळ्यांच्या मुलाशी भांडायला गेली. त्या दिवसापासून ताटली एकच. दंडाला मांस धरलंय. रात्रभर झोपते. मी मात्र झोपत नाही.

सासूबाई, तुम्ही तिला काय कबूल करून आलात?

हे तुम्हाला न्यायला येतो म्हणतात. नाही म्हणू नका.

तुमची
कमळा


॥ श्री ॥
पावस, ता. १४ जून

चि. सौ. कमळेस आशीर्वाद.

करपलं होतं. एका अंगाला निखारा जास्त पडला. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते नव्हतंच. फुकट खायचं नि वर नावं ठेवायची, शोभते माझी नणंद.

पातेलं दुसऱ्या दिवशी आणलं. घासावं लागलं नाही.

कबूल केलं ते लिहिते, म्हणजे तू नको ते मनात आणणार नाहीस. म्हटलं, सगूला सोड, तिला अजून शाळा आहे. खेळायला कोणी हवं असेल तर मी येते, माझं इथलं बहुतेक आवरत आलंय. मला सागरगोटे बरे येतात. पण घाई करायची नाही, मी बोलावल्यावर येणारी नाही, माझी मी येईन. आत्मारामाला पाठवू नकोस. त्याची रजा फुकट जाईल नि मी इथून हलणार नाही. फणसाच्या आठळ्या वाळवायच्या आहेत, लाकडं आत घ्यायची आहेत. रडू तर मुळीच नकोस, मला रडकं पत्र वाचवत नाही.

ती घरात आली आहे. रोज सकाळी चुलीपुढे माझ्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला असतो. इतके दिवस मी तो उचलून भिंतीला लावत होते. आज उचलला तर उबदार लागला, कोणी आताच उठून गेल्यासारखा.

मी तो परत मांडला.

पुढच्या वर्षीचा फणस भिकाजी तुला आणून देईल, मी त्याला आताच सांगून ठेवलं आहे. भांड्याला केळीचं पान लाव. आणि पहिला तुकडा काढशील तेव्हा आता दोन काढ.

पोरीला पोटभर घालत जा.

गंगू