उसाच्या बांधापर्यंत एकटा

कसबा बावडा, मंगळवार

तीर्थरूप अव्वाच्या पायाशी बसवेशचा शरणार्थ.

तुझा गुडघा कसा आहे? जयसिंगपुरात थंडी वाढली का?

जाड टायरची बॅटरीवरची खुर्ची आली. अपघाताला दोन वर्षं झाली, आज पहिल्यांदा चिखलाच्या वाटेनं एकटाच उसाच्या बांधापर्यंत गेलो. एका शेतकऱ्यानं विचारलं, "पावणं, ढकलू काय?"

"नको, जातो की माझा मी!"

हादऱ्यांनी पाठ भरून आली, पण काळजी करू नकोस. आनंदापेक्षा थकवाच जास्त वाटला बघ.

घरी आलो तर तुझी सून गाढ झोपलेली. मला उचलण्या-बसवण्यात रक्षिता दोन वर्षांत दुपारची कधी आडवी झाली नव्हती. हाक मारली नाही. दारातच बसून हे लिहितोय.

तुझाच,
बसवेश