गाडीचा नंबर लागला

बाबा,

गाडीचा नंबर लागला. कोल्हापूरच्या एजंटाने कळवलंय की माझी गाडी आली आहे, महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगा, नाहीतर रांगेतल्या पुढच्याला देऊन टाकतो. डॉक्टरांच्या कोट्यातून मी अर्ज केला होता, पण तो इतका जुना की मी विसरूनही गेले होते. आणि आता अंगणात माडाखाली तुमची गाडी उभी आहे, तिच्यावर रोजच्यासारखी तांबडी धूळ बसली आहे, आणि ती ठेवायची की नवी घ्यायची हे मला ठरवायचं आहे. तुम्हाला जाऊन एक तप उलटलं. दवाखाना मी चालवते, औषधांचं कपाट तेच आहे, बाकही तेच आहेत. पेशंटही पुष्कळसे तेच, फक्त म्हातारे झालेत. अशा गोष्टी मी एरवी कोणाला विचारत नाही. पण गाडीचं म्हटल्यावर तुम्हीच डोळ्यांसमोर येता.

मला आठवतं ते पावसाळ्यातलं स्वयंपाकघर. आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे, बाहेर पागोळ्या लागल्या आहेत, आणि तुम्ही धोतराचा सोगा खोचून आत येता. हातात फडक्यात गुंडाळलेले गाडीचे प्लग. दमट हवेत ते ओले व्हायचे, मग गाडी काही केल्या चालू व्हायची नाही. तुम्ही गुपचूप ते तव्याच्या कडेला मांडून ठेवता. आई न बघताच म्हणते, "तव्यार भाकरी भाजतत. गाडयेची हाडां न्हय."

"दोन मिनटा गो. तळाशीलाक माणूस तापान फणफणता."

"मगे त्येका हयच घेवन येवा. त्येकाय भाजतंय."

तुम्ही हसता, प्लग उचलता, ते गरम असतात म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात झेलत बाहेर पळता. थोड्या वेळाने गाडीचा खोकला ऐकू येतो, मग दुसरा, आणि मग ती निघते. आई तवा राखेने घासून पुन्हा चुलीवर ठेवते. त्या दिवशीच्या पहिल्या भाकरीला तेलाचा वास यायचा आणि ती भाकरी नेहमी तुमच्या ताटात पडायची.

गाडी चालवायला तुम्ही मला समुद्रावर शिकवलंत. ओहोटीला वाळू घट्ट व्हायची, तिथे धडकायला काही नव्हतं. रापणीचं जाळं ओढणारे गाबीत मच्छीमार काम थांबवून बघत उभे राहायचे, कारण बाईमाणसाने गाडी चालवणं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी गियर टाकला की करकर आवाज व्हायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तसं झाल्यावर तुम्ही माझा हात दांड्यावरून बाजूला केलात. तुम्ही सहसा रागवत नव्हता. तेव्हा रागावलात.

"तू डॉक्टर होतलंस मां? मगे ऐकूक शीक. वांगडाक बसलेल्या माणसाक कळता नये, गियर कधी बदललो. तो दुखणायत असलो तर?"

मी परत सुरू केलं. दिवस मावळेपर्यंत आपण त्या वाळूवर फेऱ्या मारत होतो, आणि शेवटच्या फेरीला तुम्ही डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपलात. तुम्ही ऐकत होता.

मग ती मोठी गाडी आली. त्या सुमारास पोर्तुगीजांच्या गोव्याची सरहद्द बंद झाली होती. तोवर आपल्या गाडीचे पार्ट सरहद्दीवरच्या आरोंद्याच्या बाजूने कोणी ना कोणी आणून द्यायचं. ते बंद झाल्यावर तुम्ही तारा, दोऱ्या आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांवर गाडी चालवू लागला होता. आंब्याचे एक व्यापारी मे महिन्यात मुंबईहून गावी यायचे, त्यांच्या आईला तुम्ही टायफॉइडमधून उठवलं होतं. ते एक दिवस आपल्या दारात येऊन म्हणाले, डाक्टरानू, माझी गाडी तुमी ठेवा, मी मुंबयत दुसरी घेतंय, पैशांचा काय ता मागसून बघू. तुम्ही म्हणालात, आठ दिवस चालवून बघतो. मी तेव्हा सुट्टीत घरी होते. ती गाडी आपल्या अंगणात मावतच नव्हती. तुळशीवृंदावनाला घासू नये म्हणून तिचं नाक बाहेर पाणंदीत ठेवावं लागलं. आतल्या गाद्या मऊ होत्या. इंजिन चालू आहे की बंद हे हात ठेवून बघावं लागायचं. आई नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली आणि तुम्ही तिला मालवणला तिच्या माहेरी घेऊन गेलात. येताना ती दोन्ही हात सीटवर पसरून बसली होती, राणीसारखी. तुम्हालाही ती गाडी आवडली होती. कारण नसताना तुम्ही हॉर्न वाजवत होता.

चौथ्या का पाचव्या दिवशी सकाळी खाडीपलीकडून, मिठबावच्या बाजूने, एक माणूस धावत आला. त्याची बायको आदल्या दुपारपासून अडली होती. तुम्ही बॅग घेतली, मला म्हणालात चल, आणि आपण मोठ्या गाडीत बसलो. ती पुढे उभी होती म्हणून तिच्यात बसलो. दुसरं काही मनात आलं नाही. तो माणूस मागच्या सीटच्या अगदी कडेला टेकला होता. आपले पाय मातीचे आहेत म्हणून त्याने ते वर धरले होते.

खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकलेली सांगड होती, तिच्यावरून आपली छोटी गाडी नेहमी पलीकडे जायची. सांगडवाल्यांनी मोठी गाडी बघितली आणि एकमेकांकडे बघितलं. तरी त्यांनी फळ्या लावल्या. पुढची चाकं चढली तशी सांगड एका अंगाला खाली गेली, पाणी फळ्यांवर आलं, आणि एकजण ओरडला, "मागे घेया, डाक्टरानू, मागे घेया." तुम्ही मागे घेतलीत. मग तुम्ही उतरलात, किल्ली माझ्या हातात दिलीत, आणि त्या माणसाबरोबर साध्या होडीत बसलात. पलीकडे उतरून, वाळू तुडवत, टेकडी चढून जाताना तुम्ही मला दिसत होता. तो माणूस पुढे पळायचा आणि थांबून तुमची वाट बघायचा. तुमचं वय तेव्हा काही पळायचं नव्हतं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी परत आलात. पडवीत बसलात, पाय धुतले नाहीत. आईने विचारलं, "कसा झाला?"

"बाई बरी आसा. पोर गेला."

मी विचारलं, लवकर पोचला असता तर? मी विद्यार्थिनी होते, मला वाटायचं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. तुम्ही अंगणातल्या त्या गाडीकडे बघितलंत आणि म्हणालात, "ठावक नाय." संध्याकाळी तुम्ही स्वतः गाडी पुसलीत आणि व्यापाऱ्यांच्या घरी नेऊन दिलीत. मी बरोबर होते. ते म्हणाले, "काय ओ, आवडली नाय?"

"आवडली," तुम्ही म्हणालात. "म्हणानच परत करतंय."

आपण चालत घरी आलो.

आता मला जे लिहायचं आहे ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. पास होऊन मी घरी आले त्याच्या पुढच्या चैत्रात एका सकाळी तुम्ही दवाखान्यातून घरी आलात, छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलात आणि मला म्हणालात, "नाडी बघ." मी बघितली. दोघांनाही कळलं. आईला तुम्ही सांगितलंत की कणकवलीच्या डॉक्टरांना जरा दाखवून येतो. मी तुम्हाला गाडीत मागे आडवं करत होते, पण तुम्ही पुढेच बसलात. आईने तांब्याभर पाणी दिलं. मी गाडी चालवायला लागले आणि माझ्या डोक्यात एकच होतं, वाळूवरची ती गोष्ट, की शेजारच्याला गियर कळता कामा नये. बाबा, त्या दिवशी मी एकदाही आवाज होऊ दिला नाही.

मोठ्या चढणीवर गाडी तापली. पुढून वाफ यायला लागली आणि ती थांबली. रस्त्यावर कोणी नव्हतं, दोन्हीकडे कातळ आणि काजूची झाडं. मी उतरून बॉनेट उघडलं. तुम्ही आतून तिच्याबद्दल एखाद्या पेशंटबद्दल बोलावं तसं बोललात.

"तापली ती. जराशी थंड होवंदे. मगे पाणी घाल."

पाणी तांब्यात होतं तेवढंच. मी म्हटलं, "ता तुमका लागात, बाबा."

"माका नको. तिका घाल."

मी घातलं. थोड्या वेळाने गाडी चालू झाली. चढण संपली, पुढे सपाट माळ लागला, वारा यायला लागला, आणि मी तुमच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही, कणकवलीत कोणाकडे उतरायचं असलंच काहीतरी. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की तुम्ही उत्तर देत नाही आहात. मी गाडी लगेच थांबवली नाही. तशीच चालवत राहिले, आवाज न करता.

आज डॉक्टर म्हणून मला माहीत आहे की कणकवलीलाही तुमच्यासाठी फार काही करता आलं नसतं. पण रात्रीबेरात्री पेशंटकडे जाताना त्या चढणीवर गाडी तापू लागली की मला ती मोठी गाडी आठवते. ती ठेवली असती तर चढणीवर थांबावं लागलं नसतं. आणि मग खाडीपलीकडची ती सगळी माणसं आठवतात, जी तुमची छोटी गाडी सांगडीवरून उतरताना बघून घरात ओरडून सांगायची, इलो रे, डाक्टर इलो. त्या माणसांसाठी तुम्ही छोटीच ठेवलीत. हे मला पटतं. पण पटलं तरी मन शांत होतं असं नाही.

मागच्या आठवड्यात बाजाराच्या उतारावर आपल्या गाडीच्या ब्रेकचं पेडल पार खाली गेलं. मागच्या सीटवर एक गरोदर बाई आणि तिची सासू होती. मी गाडी बाजूच्या कुंपणात घातली. निवडुंग होता, त्याने धरलं. कोणाला खरचटलंही नाही. सासूबाई उतरून पदर झटकत म्हणाल्या, "डाक्टरणी, तुज्या बापाशीची गाडी आमका जल्माक घालता काय वर पोचयता, ता कळना नाय." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन दार लावून घेतलं तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. आणि आता खाडीवर पूल झाला आहे. एस. टी. त्यावरून पलीकडे जाते. सांगड कुठे गेली कोणाला ठाऊक. ज्या कारणासाठी गाडी लहान असायला हवी होती ते कारणच राहिलेलं नाही.

तरी माझा पाय निघत नव्हता, तो आईमुळे. तुमची गाडी आहे, तिला दुःख होईल, असं मी इतकी वर्षं धरून चालले. सकाळी ती बाहेर पडते, गाडीच्या टपावरची माडाची फुलं हाताने झाडते, हे मी रोज बघते. शेवटी परवा जेवताना एजंटाचं पत्र आल्याचं सांगितलं आणि म्हटलं, तुझं मन नसेल तर राहू दे. तिने घास खाली ठेवला.

"माझा मन? गो, माका त्या गाडयेत चढाक येना नाय. गुडघे मेले माझे."

"मगे कधी बोललंस कित्याक नाय?"

"माका वाटला, तुका ती व्हयी. बापाशीची म्हणान." मग ती थोडी थांबून म्हणाली, "त्यांका गाडीबिडीचा काय नव्हता गो. त्यांका पलीकडे जावचा असायचा."

आणि तिने भात कालवला. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींसाठी ती गाडी सांभाळत होतो, बाबा, आणि आता दोघींनाही एकमेकींकडे बघून हसू आवरेना. ताटं तशीच राहिली.

तेव्हा मी काल होकार कळवला. नांदगावचा एक गॅरेजवाला तुमची गाडी घेऊन जाणार आहे. तिचं इंजिन काढून भाताच्या गिरणीला लावीन म्हणतो. आईने आत्ताच विचारून घेतलंय, नवीला मागे दोन दारं आहेत ना.

हे पत्र पोस्टात पडायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. सगळं गाव समजतं की माझा त्या गाडीत जीव अडकलाय, आणि मीही कोणाला कधी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर ती गाडी मला कधीच आवडली नाही, बाबा. अगदी पहिल्या दिवसापासून.