दोन बोटं सैल

४ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना एकदाचं बोलून टाकलं — शनिवारी वाचनालयात कवितावाचन आहे, मीही नाव देते म्हणून. या वेळी ओपन माइक आहे, कुणीही उठून वाचावं, असं ग्रंथपालबाईंनी फळ्यावर लिहिलंय. ह्यांना ठसकाच लागला! "तू? अगं, तिथे बटणं नाही लावायची!" आणि स्वतःच हसले.

मीही हसले. का हसले, देव जाणे. तेव्हापासून डोक्यात नुसता जाळ झालाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नाव नाही दिलं. भित्री कुठली!

दिवसभर माझ्या शिवणाच्या दुकानात एका नवरदेवाचा कोट उसवत बसले. मशीन चालू असलं की मला ओळी सुचतात. कागदावर एक उतरवलेली नाही, सगळ्या पाठ. ह्यांची कविता मात्र कागदाशिवाय पाऊल टाकत नाही. हे वाचनालयाचे कविराज! दर वेळी शेवटचं वाचन ह्यांचं, आणि मी पहिल्या रांगेत मान डोलवायला.

८ नोव्हेंबर, शनिवार

झोपण्याआधी लिहूनच टाकते!

हे माइकपाशी गेले, खिसे चाचपले — चष्मा घरी! तिथूनच माझ्याकडे डोळे वटारले. चष्मा ह्यांच्या नाकावरचा, जबाबदारी माझी! लोक खोकायला लागले तेव्हा कागद पुढे केला — "तूच वाच."

वाचली. चांदण्यावरची, दीड पान. अगदी जीव ओतून वाचली, उगाच कुणी नावं ठेवायला नको. टाळ्या पडल्या, बेताच्या. "चल आता," हे हळूच म्हणाले. मी माइक सोडलाच नाही. आणि तोंडातून निघूनच गेलं — "ही ह्यांची झाली. आता माझी."

*कंबरेला टेप लावली की*
*सगळेच श्वास ओढून पोट आत घेतात —*
*मुख्याध्यापक, नवरी, हवालदारसुद्धा.*
*मी खोटं माप मुकाट लिहून घेते*
*आणि दोन बोटं सैल शिवते.*

हशा! समोर खरेखुरे मुख्याध्यापक बसलेले, त्यांनी तिथल्या तिथे पोट आत ओढलं की हो! अख्खं सभागृह लोटपोट. पुढच्या ओळी मी सावकाश म्हटल्या —

*श्वास काय, सोडावाच लागतो कधीतरी.*
*तेव्हा कपड्याने काचू नये,*
*एवढंच माझं काम.*

टाळ्या — काय टाळ्या! "वन्स मोअर!" पुन्हा म्हटली. परत "वन्स मोअर!" ग्रंथपालबाईंनी तर मिठीच मारली. मी! बटणं लावणारी!

ह्यांनी टाळी वाजवली नाही. घरी येताना चार पावलं पुढेच चालत राहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

अबोला. हे भिंतीला विचारतात, "चहा मिळेल का?" भिंतीने काही केला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात नुसती धमाल! जो येतो तो पोट सोडून उभा राहतो — "घ्या बाई, खरं माप घ्या!" मुख्याध्यापक पँट शिवायला आले, तेही म्हणाले, "सोडलं बघा!" हसून हसून पुरेवाट झाली माझी.

घरात पाऊल टाकलं की सगळं फिकं. माफी मागणार नाही. कशाची मागू? ह्यांची कविता वाचलीच की आधी, एक शब्द न गाळता! पण खरं सांगायचं तर इतक्या टाळ्यांत मी एकाच माणसाची टाळी शोधत होते. न्हाणीघरात जाऊन थोडी रडले. मग उठून कुकर लावला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी फोन वाजला. पलीकडे ग्रंथपालबाई — पुढच्या महिन्याचं मुख्य वाचन मी करावं म्हणून. माझे हात पिठात, म्हणून ह्यांनी उचलला होता. मी दाराआडून ऐकलं — "हो, हो, बरोबर लागलाय. कवयित्रीचंच घर. मी? मी त्यांचा नवरा बोलतोय."