दक्षिणेकडचा आंबा

प्रिय तंकमणी,

तुझे गुडघे कसे आहेत? कोइंबतूरला लेकाकडे आता रुळली असशील. तुझं घर बंद झाल्यापासून तुझ्या अंगणातलं गवत कुंपणावरून इकडे डोकावतं आणि मी त्याच्याशी बोलत बसते. हसू नकोस. दिवसभरात दुसरं बोलायला असतं कोण?

आमचे हे गेले, तेव्हा तुझ्या मुलाचा फोन आला. तुझा आला नाही. तू मला थोरल्या बहिणीसारखं 'चेची' म्हणतेस, मी रागावले नाही. म्हणजे रागावलेच, पण थोडीशी. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर काय बोलावं, तुला सुचलं नसेल.

तुझी सासू गेली ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. घरातलं माणूस गेलं की आवारातला आंबा तोडायचा, त्याच्याच लाकडांवर त्याला अग्नी द्यायचा, ही आपली रीत. अशा वेळी कुणी कुणाला विचारत बसतं का? तुझ्या नवऱ्याने, चामीने, आईसाठी हद्दीवरच्या आंब्याला कुऱ्हाड लावली. मी तुमच्यासाठी पेज घेऊन आले होते, आणि आमचे हे अंगणातून ओरडत होते, "अरे, मूळ माझ्या बाजूला आहे! म्हातारीला जाळायला माझंच झाड सापडलं का रे तुला?" घरात मयत असताना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चामी तरी कुठे कमी होता? "गोविंदन, मूळ तुझं असेल तर मूळ खण आणि ने! बुंधा माझा!" मग काय, मोजणी, वकील, तारखा. "तिकडे पाऊल टाकलंस तर बघ," असं यांनी मला बजावलं. तुलाही बजावलं असणारच. कढीपत्त्याच्या दोन काड्यांसाठीसुद्धा मी बाजारात जाऊ लागले.

चामी गेल्याचं कळलं त्या दिवशी हे मागच्या पायरीवर बसून राहिले, जेवले नाहीत. "आता भांडू कुणाशी?" म्हणाले. तरी दावा काही मागे घेतला नाही.

आणि गंमत बघ. आंब्यासाठी कोर्टात गेलेल्या या माणसाने रबराची झाडं लावायच्या नादात आमच्या आवारात एकही आंबा ठेवला नव्हता. शेवटी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "अम्मिणी, मला त्या विजेच्या भट्टीत नको घालूस. आंब्यावरच ने." पुतणे म्हणाले, "काकी, आता आंबा कुठून आणायचा? हल्ली सगळे शहरातच नेतात." मी सरळ लाकूडतोड्यांना बोलावून घेतलं.

तंकमणी, तुझ्या घराच्या दक्षिणेचा आंबा मी तोडवला. घराला कुलूप, मालकीण परगावी, आणि मी कुंपण ओलांडून माणसं घातली. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. पण नाही म्हणालीस तर, या भीतीने विचारलंच नाही. लाकूड ओलं होतं, धूर फार झाला. पण हे आंब्यावरच गेले.

वकील म्हणतो, दोघेही गेले, जुना दावा निकालात काढू. काढा म्हटलं. आणि घरी येऊन खूप रडले. आता तुला इकडे यायला कारणच उरलं नाही. तुझा मुलगा घर विकायचं म्हणतोय, असंही कानावर आलंय. म्हणून हे लिहिते आहे. माझ्यावर दावा लाव. झाड तुझंच होतं, मी कोर्टात कबूल करीन. फक्त मुलाला पाठवू नकोस. तारखेला तू स्वतः ये, आणि उतर माझ्याकडेच.

तुझीच,
अम्मिणी चेची