चिमणीची शाळा कोणी थांबवू नये

मी, किल्ल्या बनवणारा, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत हे लिहवून घेत आहे. शुद्धीबद्दल माझ्या मुलाला शंका आहे, म्हणून डॉक्टरांना समोर बसवले आहे. वकिलांनी घातलेले सगळे ‘इत्यादी’ मी काढायला लावले. इत्यादीत काय काय मावते ते मला ठाऊक आहे.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या ही माझी स्वकष्टार्जित मिळकत नात चिमणी हिला मिळावी. ती जन्मली तेव्हा दीड किलोचीही नव्हती. महिनाभर काचेच्या पेटीत होती. चालणे उशिरा, बोलणे उशिरा, अक्षरे त्याहून उशिरा. पहिलीत दोनदा बसली. मुलगा म्हणतो, “बाबा, तिच्या डोक्यात काही शिरत नाही. घरी बसू दे.” डॉक्टर म्हणतात, “अशा काही मुलांना वेळ लागतो. मदत द्या, घाई नको.” मला संशय आहे, की पोरीला मंद ठरवून तिचे सगळे आपणच सांभाळायचे, असा मुलाचा डाव आहे.

२. म्हणून ती सज्ञान होईपर्यंत मिळकत माझ्या बहिणीने सांभाळावी. आईच्या बांगड्यांवरून ती माझ्याशी बोलत नाही. गोड बोलणाऱ्यांपेक्षा ती बरी. चिमणीची शाळा चालू आहे तोवरच मुलाने वरच्या खोल्यांत राहावे.

३. शेजारचा चष्मेवाला रोज माझी तब्येत विचारतो आणि नजरेने भिंत मोजतो. त्याला दुकान विकू नये.

४. लोखंडी कपाट मुलाला. तो उघडून बघणारच, म्हणून सांगतो, आत काही नाही.

मोतीबिंदूमुळे मला वाचता येत नाही. वकील आणि मुलगा, दोघेही वाचून दाखवायला तयार होते. न लिहिलेलेही वाचतील, म्हणून नको म्हटले. वरील सर्व मजकूर चिमणीने वाचला. ‘स्वकष्टार्जित’वर ती फार वेळ अडली. मुलगा शब्द सांगायला गेला, डॉक्टरांनी त्याला थांबवले. मग तिने तो शब्द स्वतःच फोडून वाचला. पुढे म्हणाली, “आजोबा, इथं बाबांबद्दल वाईट लिहिलंय. वाचू?”

“वाच.”

तिने बापासमोर एकही शब्द न गाळता वाचले. मुलगा नाक ओढत होता. सर्दी झाली आहे म्हणतो. मला संशय आहे.

हा शेवटचा भाग नंतर जोडला. तोही तिनेच वाचला.

सही: किल्लीवाला
साक्षीदार: डॉक्टर, समोरची शिंपीण
स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: नऊ मार्च, रविवार